लिव्हरपूल ते लीड्स: कापसाच्या गाठींच्या वाटेने २०४ किलोमीटर

कालव्याच्या काठाने धावायचं म्हटलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "मग काय, सपाटच आहे ना!" सपाट आहे, आणि पाय त्यामुळेच दुखतात. डोंगरात चढाला एक स्नायू थकतो, उताराला दुसरा, आणि मधेमधे दोघांनाही विसावा मिळतो. कालव्यावर तीच मांडी, तोच पोटरीचा कोपरा, तेच पाऊल तासन् तास. सह्याद्रीतल्या शर्यती पूर्ण केलेल्या माणसांनाही ही वाट तिसऱ्या दिवशी गुडघ्यात भेटते. तरीही उत्तर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे महिनाभर जाणाऱ्या मराठी धावपटूने एकच लांबची वाट निवडायची तर ती लीड्स-लिव्हरपूल कालव्याची निवडावी, असं माझं ठाम मत आहे. कारण ही वाट आपल्याही कापसाची आहे.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसेल तर चार दिवसांनी सगळ्या गिरण्यांच्या चिमण्या सारख्याच दिसायला लागतात. काम १७७० मध्ये सुरू झालं आणि मुख्य कालवा १८१६ मध्ये पूर्ण झाला. ४६ वर्षं! मधे पैसे संपले, युद्धं झाली, आणि यॉर्कशायर व लँकशायरच्या भागीदारांची मार्गावरून भांडणं झाली. ब्रॅडफर्डच्या लोकरवाल्यांना चुनखडी हवी होती, लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना विगनचा कोळसा. आज नकाशावर कालवा जो आडवातिडवा वळसा घेतो तो या भांडणाचा परिणाम आहे. एकच प्रकल्प म्हणून बांधलेला ब्रिटनमधला हा सर्वांत लांब कालवा: १२७ मैल, मुख्य मार्गावर ९१ लॉक (नाव वर-खाली नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या पाण्याच्या खोल्या), आणि सर्वोच्च टप्पा समुद्रसपाटीपासून जेमतेम १४८ मीटरवर.

दिशा कोणती

बरेच लोक लीड्सहून निघून लिव्हरपूलला समुद्रापाशी संपवतात. चित्र छान आहे, पण मी उलटं सांगेन. इथे वारा बहुतांशी पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून येतो. लिव्हरपूलहून निघालात तर तो पाठीशी राहतो. सुरुवातीचा कंटाळवाणा भाग पाय ताजे असताना उरकतो आणि बिंग्ले, सॉल्टेअर ही पाहण्यासारखी गावं शेवटच्या दिवसासाठी राहतात. कालव्यावरच्या पुलांचे क्रमांकही लिव्हरपूलकडूनच वाढत जातात. शिवाय मालही असाच जात असे. कापसाच्या गाठी लिव्हरपूलच्या गोदीत उतरत आणि नावेतून आत गिरण्यांकडे निघत.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि अमेरिकन कापूस येईनासा झाला. लँकशायरमध्ये लाखो कामगार घरी बसले. त्या चार वर्षांत वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला. त्या पैशातून शेअरचा सट्टा फोफावला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये तो कोसळला, ही कथा मुंबईकरांना ठाऊक आहे. तिचं दुसरं टोक या काठावर आहे. आपला कापूस लँकशायरच्या विणकरांना मुळीच आवडत नसे. ते सगळ्याच हिंदुस्तानी कापसाला 'सुरत' म्हणत. धागा आखूड, कचरा फार, मागावर सारखा तुटायचा, आणि मजुरी नगावर असल्यामुळे धागा तुटला की पगार तुटायचा.

केव्हा, किती दिवसांत, कशाने

मे महिना किंवा जूनचा पहिला पंधरवडा. पहाटे पाचपासून रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि काठाची खाजकुइलीसारखी झोंबणारी नेटल्स अजून गुडघ्याखालीच असतात. जुलैत ती कमरेपर्यंत येतात आणि अरुंद पट्ट्यात उघड्या पायांनी धावणं म्हणजे शिक्षा. सप्टेंबरही चांगला. नोव्हेंबर ते मार्च टाळा. लॉकच्या दुरुस्तीची कामं याच काळात निघतात आणि वाट अधूनमधून बंद असते. कालवा सांभाळणाऱ्या 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट'च्या संकेतस्थळावर बंद भागांच्या सूचना असतात. कुठल्याही ऋतूत निघण्याच्या आदल्या रात्री त्या पाहाव्यात.

रोज ३५ ते ४७ किलोमीटर धरले तर पाच दिवस पुरतात. मॅरेथॉन आरामात संपवणाऱ्याला हे जमतं, मात्र वेग विसरावा लागतो. पंचवीस मिनिटं धाव, पाच मिनिटं चाल, पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर चालू म्हणाल तर उशीर झालेला असतो. सलग पाच दिवसांची रजा नसेल तर रविवार-रविवार करून तुकड्यांत करा. जवळजवळ सगळ्या मार्गाला रेल्वे समांतर जाते. अपवाद नेल्सन ते गारग्रेव्ह या पट्ट्याचा, त्याविषयी पुढे.

सरावासाठी डोंगर सोडा आणि सपाट, कंटाळवाणी वाट शोधा. पुण्यात मुठा उजव्या कालव्याकडेची पायवाट यासाठी उत्तम. तयारीच्या शेवटच्या दोन महिन्यांत शनिवारी २५ आणि लगेच रविवारी २५ किलोमीटर, असं दर पंधरा दिवसांनी करा. थकल्या पायांवर धावायची सवय दुसऱ्या कशाने होत नाही.

बूट: शहरांमध्ये डांबर, मधे बारीक खडी, स्किप्टनच्या अलीकडे गवत आणि चिखल. खोल खाचांचे ट्रेल बूट डांबरावर तळवे भाजतात. रस्त्याचे जाड तळाचे बूट, थोडी पकड असलेले, एवढं पुरे. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, पाचव्या दिवशी पाय सुजलेला असतो. पाठीवर दहा-बारा लिटरची धावायची पिशवी: पावसाचं जाकीट, एक कोरडा जोड, हेडटॉर्च, दीड लिटर पाणी, फोड आल्यावर लावायच्या पट्ट्या. नळ काही ठिकाणी नौकावाल्यांच्या सुविधा केंद्रांवर मिळतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. गावातली दुकानं आणि पब हेच खरे पाणवठे.

एक गोष्ट मुंबईकरांना वेगळी सांगायला नको: लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप. कालव्याच्या पाण्यात उंदीर असतात. पायावर जखम असेल तर झाकून घ्या आणि काठाला हात लागला असेल तर धुतल्याशिवाय खाऊ नका. कालव्यात पडलात तर घाबरू नका, बहुतेक ठिकाणी उभं राहता येतं. लॉकचं तसं नाही. ते खोल असतं, भिंती उभ्या आणि शेवाळलेल्या असतात. तिथे काठाच्या जवळून धावायचं नाही, फोटोसाठीही नाही.

वाट वाचायची कशी

ही वाट माणसांसाठी केलेली नाही. नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली आहे, आणि एकदा हे डोक्यात बसलं की सगळं सुटं सुटं दिसायला लागतं. जुन्या दगडी पुलाखालून जाताना पाण्याकडच्या कोपऱ्यावर बोट फिरवून पाहा. दगडात किंवा त्यावर ठोकलेल्या लोखंडी पट्टीत बोटभर खोल, गुळगुळीत खाचा असतात, एकीखाली एक. दीडशे वर्षं ओले, वाळू लागलेले दोर तिथे घासले त्याच्या या खुणा. काठावर मधेच पाण्यात उतरणारा दगडी उतार दिसला तर तो पडलेल्या घोड्याला वर काढायचा. लॉकजवळच्या चढावर फरशीतून आडव्या वर आलेल्या दगडी पट्ट्या घोड्याच्या टापेला अडकण म्हणून आहेत. त्याच पट्ट्या पावसात धावपटूला आडव्या पाडतात. तिथे चाला. असंही चढ आहे, काही गमावत नाही.

अंतरासाठी घड्याळापेक्षा लोखंडी मैलखांब पाहा. एका बाजूला लिव्हरपूल किती, दुसऱ्या बाजूला लीड्स किती. मधे अर्ध्या आणि पाव मैलाचेही छोटे खांब आहेत. आकडे मैलांत आहेत हे विसरलात की दुपारी गणित चुकतं.

सायकलवाले घंटी वाजवतात तेव्हा पाण्याच्या नाही, कुंपणाच्या बाजूला सरका. मासे धरणाऱ्यांच्या लांबलचक काठ्या वाटेवर आडव्या असतात. दहा पावलं आधी "मॉर्निंग!" म्हटलं की ते उचलतात. बांधलेल्या नावांच्या खुंट्या गवतात लपलेल्या असतात. आणि मे महिन्यात पिल्लांसह बसलेले हंस व बदकं दिसली तर धाव थांबवा, चालत, लांबून, नजर न देता जा. फुत्कार ऐकू आला की वाटेचा मान हंसाचा.

पहिला दिवस: लिव्हरपूल ते बर्स्को, सुमारे ३९ किमी

मूळ कालव्याचं शहरातलं टोक बुजवलेलं आहे. आता वाट एल्डोनियन व्हिलेज या वस्तीपाशी सुरू होते. तिथून थोडं पुढे स्टॅनले डॉकला उतरणारे चार लॉक आहेत. १८४८ मधले, जेसी हार्टली या अभियंत्याचे. खाली १९०१ चं तंबाखूचं प्रचंड गोदाम उभं आहे, त्याला २.७ कोटी विटा लागल्या म्हणतात. निघण्याआधी अर्धा तास इथे घालवा.

बूटल आणि लिदरलँडचा भाग भल्या सकाळी उरकावा, तेव्हा वाटेवर फक्त कुत्री फिरवणारे असतात. एंट्रीला ग्रँड नॅशनल या घोड्यांच्या शर्यतीचं मैदान कालव्याला लागून आहे. तिथल्या प्रसिद्ध काटकोनी वळणाला 'कॅनाल टर्न' म्हणतात, कारण पुढे कालवा आहे. मॅघलनंतर सपाट शेतं, कोबी, बटाटे, फिरते पूल. लॉक एकही नाही. दिवसभर पाणी एकाच पातळीवर, आणि तुम्हीही. जमणार नाही असं वाटलं तर मॅघलला रेल्वे आहे. बर्स्कोत दोन स्थानकं आहेत, मुक्काम तिथेच.

दुसरा दिवस: बर्स्को ते चोर्ली, सुमारे ३५ किमी

पारबोल्डपासून डग्लस नदीची दरी सुरू होते आणि पहिल्यांदा झाडी भेटते. विगनला जुन्या कोळशाच्या धक्क्याची जागा 'विगन पिअर' म्हणून ओळखली जाते. पाहायला फार काही नाही, पाच मिनिटं पुरे. शेजारची ट्रेंचरफील्ड गिरणी मात्र मान वर करून बघण्यासारखी आहे. तिच्यात १९०७ चं वाफेचं इंजिन आहे.

मग येतो खरा चढ: लागोपाठ २१ लॉक, सुमारे चार किलोमीटरांत ६५ मीटर. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची खोली. नाव आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, नाव वर येते. नौकावाल्यांना या २१ साठी अर्धा दिवस लागतो. तुम्हाला पाऊण तास. ते दमलेले असतात, दरवाज्याची लाकडी तुळई ढकलायला हात लावलात तर चहा मिळण्याची शक्यता दाट. मात्र तुळई फिरत असताना तिच्या आणि काठाच्या मधे उभं राहू नका.

वर पोचल्यावर हेग हॉलच्या रानातून सावलीची वाट जाते. हा तुकडा खरंतर दुसऱ्याच कंपनीचा, लँकेस्टर कालव्याचा, होता. वेगळा कालवा खोदण्याऐवजी लीड्स-लिव्हरपूलवाल्यांनी तोच वापरला. चोर्लीत संध्याकाळी 'बटर पाय' मागा: बटाटा, कांदा, लोणी, मांस नाही. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या कॅथलिकांसाठी झालेला पदार्थ, शाकाहाऱ्यांच्या पथ्यावर पडलेला.

तिसरा दिवस: चोर्ली ते बर्नली, सुमारे ४२ किमी

जॉन्सन्स हिलॉकचे सात लॉक सकाळीच लागतात आणि ते या वाटेवरचे सगळ्यात देखणे. विदनेल फोल्ड हे कागदगिरणीचं टुमदार गाव मागे पडलं की ब्लॅकबर्न. इथे जेवा. शहरात गुजराती वस्ती मोठी आहे, भरूच-सुरतेकडची. समोसे, पोळ्या, डाळ सगळं मिळतं. दक्षिणेला काही मैलांवर डार्वेन आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी तिथे येऊन राहिले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांना भेटायला. लोकांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं.

चर्च नावाच्या गावात कालव्याचा मध्यबिंदू आहे. खांबाशी थांबा, मोजे बदला. यापुढे एम ६५ महामार्ग पुन्हा पुन्हा डोक्यावरून जातो. गाड्यांचा गोंगाट हा या दिवसाचा सगळ्यात वाईट भाग.

बर्नलीत शिरण्याआधी गॅनो बोगदा लागतो, ५११ मीटरचा. बोगद्यात पायवाट नाही. वर चढायचं, महामार्ग ओलांडायचा, वस्तीतून खुणेच्या पाट्या पाहत पलीकडे उतरायचं. नकाशा फोनवर उघडा ठेवा, इथे चुकणारे पुष्कळ. पलीकडे उतरलात की विव्हर्स ट्रँगल. दोन्ही काठांना दगडी गिरण्या, पाण्यातून सरळ वर गेलेल्या भिंती, माल उचलायच्या कप्प्या अजून जागच्या जागी. १९१० च्या सुमारास या एका गावात एक लाखाच्या आसपास यंत्रमाग होते. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. काही इमारतींत आता महाविद्यालय आहे, काहींत सदनिका, एक-दोन नुसत्याच उभ्या आहेत. गिरण्यांचं काय करायचं हा प्रश्न त्यांनाही पडला होता. त्यांनी निदान बऱ्याचशा भिंती ठेवल्या, एवढं मला तरी टॉवरांच्या सावलीतल्या आपल्या गिरणगावापेक्षा बरं वाटतं.

लगेच पुढे 'स्ट्रेट माइल'. दरी ओलांडण्यासाठी घातलेला मातीचा बांध, सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर लांब आणि १८ मीटर उंच. पाणी आणि तुम्ही वर, गावाची छपरं खाली. संध्याकाळच्या उन्हात धावायला ही वाटेवरची सर्वांत छान जागा आहे.

चौथा दिवस: बर्नली ते स्किप्टन, सुमारे ४२ किमी

आजचा दिवस तयारीने निघायचा, कारण नेल्सननंतर गारग्रेव्हपर्यंत रेल्वे नाही. मधली कोल्न-स्किप्टन लाइन १९७० मध्ये बंद झाली. पाणी आणि खाणं नेल्सनला भरून घ्या.

बॅरोफर्डचे सात लॉक चढलात की सर्वोच्च टप्पा, आणि समोर फाउलरिज बोगदा, दीड किलोमीटरचा. याही बोगद्यात पायवाट नाही. घोडा डोंगरावरून नेत आणि नाव माणसं पाठीवर झोपून, बोगद्याच्या भिंतीला पाय लावून रेटत. तुम्ही घोड्याच्या वाटेने जा: शेतं, तलावाचा काठ, मग गाव. १९१२ मध्ये एक गाय या बाजूने कालव्यात पडली आणि आख्खा बोगदा पोहून पलीकडे निघाली. तिला दारू पाजून तरतरी आणली, असं गावकरी आजही सांगतात.

बार्नोल्ड्सविकला रोल्स-रॉइसचा कारखाना आहे. त्यांच्या आरबी २११ या विमानाच्या इंजिनातला 'बी' या गावाचा. ग्रीनबरफील्डच्या तीन लॉकपासून उतार सुरू होतो आणि गिरण्या संपून मेंढ्या सुरू होतात. ईस्ट मार्टनला पूल क्रमांक १६१, कमानीवर कमान असलेला. नंतर टेकड्यांना वळसे घालत कालवा इतका वाकडा जातो की एकच झाड तीनदा दिसतं. इथे वाट गवताळ आहे, पावसानंतर घोटा सांभाळा. गारग्रेव्हला दुकान आहे. स्किप्टनला खोली आधीच ठरवून ठेवा, शनिवारी ती मिळत नाही.

शाकाहाऱ्यांसाठी सूचना: यॉर्कशायरमधल्या बऱ्याच दुकानांत बटाट्याच्या चिप्स गाईच्या चरबीत तळतात. विचारल्याशिवाय घेऊ नका.

पाचवा दिवस: स्किप्टन ते लीड्स, सुमारे ४७ किमी

सगळ्यात लांब, पण वाट उत्तम आणि दर काही मैलांवर रेल्वे. बिंग्लेपर्यंत लॉक नाही. मग फाइव्ह राइज: पाच लॉक एकाला एक चिकटून, वरच्याचं खालचं दार तेच खालच्याचं वरचं दार. १७७४ पासून चालू, १८ मीटरची उतरण. चुकीच्या क्रमाने झडप उघडली तर खालचा सगळा घाट बुडेल, म्हणून लॉकरक्षकाच्या परवानगीशिवाय कुणी हात लावत नाही. दगडी उतारावरून चालत उतरा. गुडघ्यांनी चार दिवस असा उतार पाहिलेला नाही.

पाच किलोमीटरवर सॉल्टेअर. टायटस सॉल्ट या लोकरीच्या कारखानदाराने ब्रॅडफर्डच्या धुरातून गिरणी बाहेर काढली आणि १८५३ मध्ये, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, इथे उघडली. भोवती कामगारांसाठी घरं, शाळा, दवाखाना बांधला. पब नाही. २००१ पासून जागतिक वारसास्थळ. कालवा गिरणीच्या दोन भिंतींमधून जातो. दयाळू मालकाची ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यात मालकाची नजरही दिसते: घर त्याचं, रस्त्यांना नावं त्याच्या मुलांची, नोकरी गेली की छप्पर गेलं. गिरणीत कॅफे आहे. अर्धा तास घ्या, त्याहून जास्त बसलात तर पाय उठणार नाहीत.

शिप्ली, ॲपर्ली ब्रिज, रॉडली झपाट्याने जातात. पाय गळाले तर शिप्लीहून किंवा ॲपर्ली ब्रिजहून गाडी पकडा. कर्कस्टॉलनंतर शहर जवळ येतं. आर्मली मिल्स ही एकेकाळची जगातली सर्वांत मोठी लोकरगिरणी, आता संग्रहालय. ते दुसऱ्या दिवशी बघा, घामट कपड्यांत नको. शेवटचा रिव्हर लॉक लीड्स स्थानकाच्या पायाशीच आहे, कालवा तिथे एअर नदीला मिळतो. स्थानकाचं दक्षिणेकडचं दार ग्रॅनरी व्हार्फला उघडतं, त्यामुळे परतीची गाडी किंवा मुक्काम गाठायला रस्ता शोधावा लागत नाही. सरकत्या जिन्याने चढा. साध्या जिन्याकडे त्या दिवशी बघूही नका.